कोळशाची जिवाणी

कार्तिक शुद्ध त्रयोदशीला, दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी, इंद्रजितदादांच्या नव्या बंगल्याच्या न्हाणीतून, दोन्ही संडासांतून आणि स्वयंपाकघरातल्या मोरीतून जांभळं पाणी वर आलं आणि वास्तुशांतीच्या तिसऱ्या पंगतीतली एकशेदहा माणसं घोट्यापर्यंत जांभळी झाली.

असं काही झालं नाही. गावात कुणालाही विचारा. सरपंच म्हणतील, मी त्या दिवशी सांगलीला होतो. भटजी म्हणतील, मुहूर्त उत्तम लागला. आचारी म्हणेल, बासुंदी लय घट्ट झाली होती, आणि विषय संपवेल. त्यानंतर पंधरा दिवस गावातली बाप्येमाणसं मोजे घालून उसाला पाणी पाजायला जात होती हे खरं आहे, पण त्या साली थंडी लवकर पडली. फक्त घोट्याच्या खाली पडली, एवढंच.

तेव्हा जे झालंच नाही ते राहू दे. जे झालं ते भाद्रपदापासून सांगावं लागतं.

पद्मावतीअक्कांच्या घरात न गाळलेल्या पाण्याचा थेंब कधी कुणाच्या घशाखाली उतरलेला नाही. लग्न होऊन आल्यापासून चव्वेचाळीस वर्षं त्या विहिरीचं पाणी दुहेरी जाड कापडातून गाळत आल्या. माणसं गाळतात आणि कापड झटकून मोकळी होतात. अक्का तसं करत नसत. गाळण्यावर जे राहतं, दिसो अथवा न दिसो, त्याला त्यांच्यात जिवाणी म्हणतात आणि ती जिथली तिथं परत करायची असते. ओढ्याची विहिरीत नाही, विहिरीची ओढ्यात नाही. वरून फेकायचीही नाही, जीव दुखावतो. त्यासाठी अक्कांकडं बुडाला कडी असलेली पितळी बादली होती. ती सोडायची, पाण्याला टेकली की बुडाची दोरी ओढायची. बादली अलगद उपडी होते, आणि ज्याचा जीव त्याच्या घरी जातो.

पायाखाली मुंगी आली तर अक्कांना दिवसभर जेवण गोड लागत नसे. जगातल्या कुठल्याही जिवाचं वाईट व्हावं असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. इंद्रजितदादांचंसुद्धा भाद्रपदापर्यंत वाटलं नव्हतं.

त्या साली गावच्या जैन बस्तीत, म्हणजे मंदिरात, एका महाराजांचा चातुर्मास होता. महाराज दिवसातून एकदाच आहार घेत, तेही उभ्यानं, ओंजळीत, आणि कुणाच्या दारात थांबायचं हे त्यांच्या मनातल्या नेमावर ठरे. पन्नास घरांच्या दारात रोज नवरा-बायको नारळ घेऊन उभी राहत. अक्का आणि पायगोंडा अण्णा सदतीस दिवस उभे राहिले. अडतिसाव्या दिवशी महाराज त्यांच्या दारात थांबले.

"मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी, आहारजल शुद्ध आहे," अक्का एका दमात म्हणाल्या. महाराज आत आले. पाटावर उभे राहिले. अक्कांनी तांब्यातून पहिली धार त्यांच्या ओंजळीत सोडली.

तांब्यात रंग कळत नाही, घागरीत कळत नाही. अंधुक उजेडात काढलेल्या पाण्यात तर नाहीच. तळहातावर कळतो. महाराजांच्या ओंजळीत पाणी फिकं जांभळं दिसत होतं, पिकायला आलेल्या करवंदाच्या देठाशी असतं तेवढं.

महाराजांची ओंजळ सुटली, पाणी पाटावर सांडलं, ते खाली बसले आणि मग मोरपिसांची पिंछी उचलून निघाले. अंतराय, म्हणजे आहार मोडला. आता दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांना पाण्याचा थेंबही नाही. भाद्रपदातलं ऊन, ढग फुटून पडलेलं. दारात जमलेल्या बायका बाजूला झाल्या.

अक्का पाटावरचं पाणी पुसायला बसल्या. पांढरं फडकं होतं. पिळलं तरी डाग गेला नाही.

रंग कुठून आला हे शोधायला जावं लागलं नाही. अक्कांची विहीर ओढ्याकाठीच होती आणि ओढ्याच्या वरच्या अंगाला इंद्रजितदादांचा सूत रंगवायचा कारखाना होता. दादा मूळचे मलकापूरकडचे, इकडं येऊन तीन वर्षांत मोठे झाले. कारखान्याचा एक पाइप ओढ्यात उतरत होता. कागदावर तो पाइप नव्हता. कोंडीबाच्या मेंढरांना मात्र तो चांगला माहीत होता. कोंडीबा आटपाडीकडचा धनगर, गायरानाशेजारी तीन एकर घेऊन अर्धा शेतकरी झालेला. त्याची मेंढरं ओढ्यावर पाणी पीत आणि सगळ्यांचे पाय गुडघ्यापर्यंत जांभळे झाले होते. बाजारात गिऱ्हाइकानं विचारलं, ही जात कुठली? कोंडीबा म्हणाला, इलायती. दोन मेंढरं विकलीही गेली. पण त्याला त्यात आनंद नव्हता.

अक्का आणि अण्णा कारखान्यावर गेले. हापिसात दोन खुर्च्या होत्या. एकीवर दादा बसले होते, दुसरीवर दादांचं हेल्मेट. दादांनी हेल्मेट हलवलं नाही. अक्का-अण्णा उभेच राहिले.

"बोला काकू."

अक्कांनी सांगितलं. महाराजांचं सांगत होत्या, तेव्हा दादा मोबाइल बघत होते. सांगून झाल्यावर त्यांनी वर बघितलं.

"तुमी पाणी गाळूनच पिता न्हवं?"

"व्हय."

"मग आनी एकदा गाळा की. तुमाला तर सवय हाय."

हापिसातली चार माणसं हसली. दादा हसले. आणि पायगोंडा अण्णाही हसले. त्यांना हसायचं नव्हतं. समोरचा मोठा माणूस हसला की आपण थोडं हसायचं, अशी त्यांना साठ वर्षांची सवय होती, आणि ती त्यांच्याआधी हसली.

वाटेत अक्का म्हणाल्या, "दात दिसले तुमचे."

"अगं, तोंड आपोआप..."

"दिसले."

पुढं चार दिवस त्या नवऱ्याशी बोलल्या नाहीत. भाकरी वाढत, पण ताट पाटापासून वीतभर लांब ठेवत. अण्णा वाकून घेत. पाचव्या दिवशी त्या बोलल्या, तेही नवऱ्याशी नाही, चुलीशी.

"आनी एकदा गाळा म्हनला न्हवं? गाळती."

नात ब्राह्मी विश्रामबागेच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकत होती. शनिवारी आली तेव्हा अक्कांनी विहिरीचं पाणी पांढऱ्या वाटीत तिच्यापुढं ठेवलं, पाहुण्याला चहा ठेवावा तसं.

"हे गाळायचं कापड कुठं मिळतं?"

"अव्वा, कापडानं रंग गळत न्हाई. कोळशानं गळतो. पण चुलीतला न्हवं. लाकूड बंद पिपात भाजायचं, आत हवा जाऊ द्यायची न्हाई. त्या कोळशाला अंगभर भोकं असतात, डोळ्याला न दिसणारी. रंग त्यात जाऊन बसतो."

"बसतो म्हंजे तिथंच ऱ्हातो?"

"ऱ्हातो. मग त्या कोळशावर एक पांढरी पूड बसवायची, टायटॅनियमची. भिंतीच्या रंगात असती ती, तोंडाला लावायच्या क्रीममधी असती. ऊन लागलं की ती पूड जागी होती आनी कोळशानं धरलेला रंग खाऊन टाकती."

अक्का थांबल्या. "खाती?"

"व्हय."

"म्हंजे हिंसा झाली की."

"रंगाला जीव नसतो, अव्वा."

"खात्री हाय?"

"पुस्तकात हाय."

"मग खाऊ दे," अक्का म्हणाल्या.

लाकडाची अडचण नव्हती. गायरानात वेडी बाभूळ माजली होती, कोंडीबा रोज एक भारा तोडून आणी. त्याचे हात काट्यांनी ओरबाडलेले असत, पण पैसे विचारले तर म्हणे, "माझ्या मेंढराचं पाय धुवून द्या, बास." पिपाचीही अडचण नव्हती. हळद शिजवायचा जुना लोखंडी ड्रम गोठ्यामागं पडला होता, त्याला झाकण ठोकून बसवलं. अडचण अक्का होत्या. लाकडात किडा असला तर? त्या एकेक ओंडका हातात घेऊन उंबऱ्यावर आपटत, कान लावत, भोक दिसलं की काडीनं अलगद कोरत. निघालेला किडा लिंबाच्या पानावर ठेवून कुंपणापलीकडं सोडून येत. एका भाऱ्याला अर्धा दिवस जाई.

कोंडीबा बांधावर बसून बघे. "अक्का, अशानं दिवाळीपर्यंत एक भाकरीपुरता कोळसा हुईल."

"होऊ दे."

"इंद्रजितदादाला बी असं उंबऱ्यावर आपटून बघा एकदा. आत काय हाय ते कळंल."

अक्का हसल्या नाहीत, पण पुढचा ओंडका जरा जोरात आपटला.

पहिला घाणा बिघडला. अण्णांनी मधेच झाकण उचलून बघितलं, झालं का म्हणून. हवा आत गेली आणि ड्रमभर लाकडाची परातभर राख झाली. दुसऱ्या वेळी पाऊस आला आणि लाकूड ओलं राहिलं. धुरानं अक्कांचे डोळे चार दिवस सुजले. खोकल्यातून काळं पडू लागलं. तिसऱ्या वेळी झाकणाच्या फटी शेणानं लिंपल्या, अण्णांना दूध घालायला पाठवून दिलं, आणि संध्याकाळी झाकण काढलं तर आत कोळसा होता. हलका, काचेसारखा खणखणणारा. लाकडाचं रूप तसंच, गाठीसकट, फक्त जीव गेलेला.

मग कुटायचा, चाळायचा, धुवायचा. अक्कांच्या तळहातांच्या भेगांत काळं जाऊन बसलं, ते शिकेकाईनंही निघेना. सूनबाईकडच्या डोहाळजेवणाला त्या पदरात हात झाकून बसल्या. ओटी भरायची वेळ आली तर म्हणाल्या, मला बाई चक्कर येतीया. घरी आल्यावर ते हात त्यांनी स्वतःच्या डोळ्यांपुढं धरले आणि इंद्रजितदादांचं नाव घेतलं, जप करावा तसं, तीनदा.

आश्विनाचं ऊन पडलं तसं काम मार्गी लागलं. ब्राह्मीनं पूड पाण्यात कालवून कोळशाला माखली, पुन्हा ड्रममध्ये भाजून पक्की केली. गच्चीवर पत्र्याच्या परातींत तो करडा कोळसा पसरला, वर बोटभर विहिरीचं पाणी. दर तासाला लाकडी पळीनं ढवळायचं. अकराला जांभळं, एकला गुलाबी, तीनला काहीच नाही. अक्का वाटीत घेऊन सूर्याकडं धरून बघत राहिल्या. आरपार पलीकडची चिंच दिसत होती.

आनंद व्हायला हवा होता. अक्का म्हणाल्या, "रंग कुठं गेला?"

"गेला. संपला."

"संपला म्हंजे? मग त्याला परत काय द्यायचं?"

ब्राह्मीला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि ती खाली बसली.

"आपल्यात गाळलेलं ठेवत न्हाईत," अक्का म्हणाल्या. "ज्याचं त्याला जातं. ही तुझी पूड सगळं खाऊन बसली तर मी त्याच्या दारात काय नेऊ? रिकामी बादली?"

तेव्हापासून घरात दोन प्रकारचा कोळसा सुरू झाला. गच्चीवरचा पांढऱ्या पुडीचा, पिण्यापुरता, दिवसाला दोन घागरी. आणि खाली हौदात साधा, पुडीशिवाय. विहिरीची मोटर लावून पाणी हौदात सोडायचं, ते कोळशातून झिरपून परत विहिरीत. आठवड्यानं हौदातला कोळसा काढून सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात भरायचा आणि गोठ्यात थप्पी लावायची. कोळसा तो काळाच, रंग दिसत नाही. पण अक्कांना दिसे. त्या थप्पीवरून हात फिरवत, गाभण म्हशीच्या पोटावरून फिरवावा तसा.

"रंग ह्यातून परत निघतो का गं?"

"साध्या पाण्यात फारसा न्हाई. गरम सोड्याच्या पाण्यात निघतो."

"सोड्याच्या. गरम." अक्कांनी मान हलवली. "कारखान्यातनं कसलं पाणी येतं?"

"गरम. सोड्याचं," ब्राह्मी म्हणाली.

हा प्रश्न अक्कांनी पुढच्या पंधरा दिवसांत आणखी तीनदा विचारला. लाडवाच्या पाकाला किती तार लागते हे पुन्हा पुन्हा विचारून घ्यावं तसा.

मधेच दिवाळीच्या तोंडावर ब्राह्मीनं केलेल्या तक्रारअर्जाची दखल घेतली गेली. पाणी तपासणारं एक पथक आलं. पथक म्हणजे सोनिया मॅडम, एक ड्रायव्हर आणि बर्फाच्या डब्यात चार बाटल्या. मॅडम विहिरीच्या काठावर आल्या, शेवाळलेल्या पायऱ्या बघितल्या, आपल्या चपला बघितल्या.

"मावशी, तुम्हीच भरून द्या ना एवढी बाटली."

ब्राह्मी कॉलेजात होती. अण्णा मळ्यात होते. अक्कांनी बाटली घेतली आणि आत गेल्या. पाहुणी बाई, उन्हातनं आलेली, पाणी मागतेय. चव्वेचाळीस वर्षांत या घरातून कुणाला न गाळलेलं पाणी दिलं गेलं नव्हतं. अक्कांनी दुहेरी कापड लावलं, गच्चीवरच्या घागरीतलं पाणी घेतलं, ते कापडातून पुन्हा गाळलं, बाटली काठोकाठ भरली आणि बाहेरून पदरानं पुसून दिली.

"चाललं न्हवं?"

"एकदम," मॅडम म्हणाल्या.

दोनशे पावलं गाडी गेल्यावर अक्कांना कळलं. त्या ओट्यावर बसल्या, हात तसाच बाटली धरल्यासारखा. संध्याकाळी ब्राह्मीचा फोन आला तेव्हा अक्का म्हणाल्या, "नमुना दिला."

"विहिरीतला न्हवं?"

"विहिरीतलाच. जरा गाळला."

ब्राह्मीनं फोन ठेवला.

अहवाल आला. पाणी पिण्यास सर्वथा योग्य, तक्रारीत तथ्य नाही. त्या अहवालाला दादांनी काचेची चौकट केली आणि हापिसात हेल्मेटच्या वर लावली. वास्तुशांतीची पत्रिका द्यायला स्वतः आले, मोटारसायकलवरून, हेल्मेट घालूनच.

"काकू, तुमचं उपकार मानाय आलो. सरकारनं सांगितलं, तुमचं पाणी एक नंबर. त्रयोदशीला यायचं. सगळ्या गावाला सांगितलंय."

"येतो की," अण्णा म्हणाले. ह्या वेळी ते हसले नाहीत. अक्कांनी ते बघितलं आणि रात्री ताट पाटाजवळ ठेवलं.

"आमी बी येतो," अक्का दादांना म्हणाल्या होत्या. "तुमचं थोडं सामान हाय आमच्याकडं."

दादा समजले, आहेर.

बंगला कारखान्याला लागूनच होता, पांढराशुभ्र, फरशीत तोंड दिसावं असा. आणि त्याचं सांडपाणी कुठं जातं हे कोंडीबाला ठाऊक होतं, कारण चर खणला तेव्हा तो पलीकडं मेंढरं चारत होता. वेगळा खड्डा काढायचा कंटाळा केला होता दादांनी. बंगल्याच्या मोऱ्या त्यांनी कारखान्याच्याच पाइपाला जोडल्या होत्या. जो पाइप कागदावर नव्हता, त्याला.

त्रयोदशीला सकाळी दहा वाजता, चांगल्या उजेडात, कोंडीबाचा छकडा एकेचाळीस पोती घेऊन ओढ्यावर गेला. वाटेत सात माणसं भेटली. "काय नेताय?" "दादांकडं नेतोय," अण्णा म्हणाले, आणि ते खरं होतं. कारखाना त्या दिवशी दुपारच्या पाळीला सुरू व्हायचा होता. पाइपाचं तोंड कोरडं होतं, माणूस वाकून आत जाईल एवढं.

कोंडीबानं पहिलं पोतं खांद्यावरून भिरकावायला घेतलं.

"फेकू नगं," अक्का म्हणाल्या.

"अक्का, कोळसा हाय."

"असू दे. जिवाणी हाय. अलगद."

मग ती एकेचाळीस पोती अलगद ठेवली गेली. अण्णा पाइपात रांगत शिरले. त्यांच्या कमरेतून कळ आली, ते थांबले, दम खाल्ला, पुन्हा शिरले. नऊ पोती आत, एकाला एक लागून. बत्तीस तोंडाशी, रचून, मधल्या फटीत ओढ्याचा गाळ. अक्का प्रत्येक पोत्याला हात लावून णमोकार म्हणत होत्या. शेवटी त्यांनी कडीची पितळी बादली मागवली, तिच्यात उरलेला मूठभर चुरा घातला, पाइपाच्या तोंडाशी टेकवली आणि बुडाची दोरी ओढली. बादली अलगद उपडी झाली.

"ज्याचं त्याला," अक्का म्हणाल्या. हात धुतले आणि लुगडं बदलायला घरी गेल्या.

वास्तुशांतीला त्या दारातल्या मांडवात बसल्या होत्या, बायकांच्या अंगाला, उंच पायरीवर. आतून बासुंदीचा वास येत होता. साडेबाराला कारखान्याचा भोंगा झाला. अक्कांनी पाय वर घेतले.

पुढं जे झालं नाही ते वर सांगितलं आहेच. एवढंच की, पाणी कोमट होतं, कुणाला पोळलं नाही. अक्कांनी पुन्हा पुन्हा बघून खात्री केली. एक गोगलगाय जिन्याकडं निघाली होती, तिला त्यांनी पानावर उचलून कुंडीत ठेवलं. आणि पांढऱ्या धोतरातले दादा, घोट्यापर्यंत पाण्यात, हातात ताट घेऊन, कुणाला ओरडावं ते न सुचून उभे होते, तेव्हा अक्का त्यांच्याकडं पोट भरेपर्यंत बघत राहिल्या. चौसष्ट वर्षांच्या आयुष्यात कुठल्या गोडानं त्यांना असं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दादा आले. पायात मोजे होते. अंगणात एकच खुर्ची होती, तिच्यावर गाळायचं कापड वाळत घातलं होतं. अक्कांनी कापड हलवलं नाही.

"काकू, हे तुमी केलं."

"काय केलं?"

"पाइपात पोती."

"कुठल्या पाइपात?"

कागदावर नसलेल्या पाइपाची तक्रार कुठं करतात हे दादांना सापडलं नव्हतं. आदल्या दिवशी त्यांनी पाहुण्यांना एकेकाला गाठून हात जोडले होते, काही झालं नाही म्हणा. पाहुणेही तयार होते, कारण जे झालं त्यात त्यांचेही पाय होते.

"तुमचंच होतं," अक्का म्हणाल्या. "आमच्यात ठेवत न्हाईत. परत केलं."

"तीन पाळ्या बंद हायत माझ्या. पाइप फोडावा लागतोय. आता म्हनं टाकी बांधा, गाळा आनी मग सोडा."

"गाळा की," अक्का म्हणाल्या. "सवय हुईल."

त्यांनी आतून पेलाभर पाणी आणलं. दादांनी पेल्यात बघितलं, उन्हाकडं धरून बघितलं. तहान लागली असावी. प्यायले.

"चांगलं हाय," ते म्हणाले, आणि म्हटल्याचं त्यांना स्वतःलाच वाईट वाटलं.

ते गेल्यावर अक्का ओट्यावर बसून राहिल्या. आता आत निवल्यासारखं वाटेल असं त्यांना वाटत होतं. वाटलं नाही. आणखी दहा पोती असती तर बंगल्याच्या माडीपर्यंत पोचलं असतं, असं वाटलं.

पौर्णिमेला महाराजांचा गावातला शेवटचा आहार होता. दुपारनंतर ते गाव सोडून पायी विहार करणार होते. अक्का आणि अण्णा नारळ घेऊन दारात उभे राहिले. चुलीवर तापवून निववलेलं पाणी चांदीच्या भांड्यात होतं, ह्या वेळी तांब्यात नाही. तळातली नक्षी मोजता येत होती. शेजारची शालूबाई सकाळीच येऊन एक घागर घेऊन गेली होती, "आमच्या आडाला अजून रंग हाय, अक्का," म्हणून.

महाराज आले. त्यांच्या दारात थांबले.

अण्णांचा श्वास ऐकू येत होता. अक्कांनी तोंड उघडलं.

"मन..."

समोर, महाराजांच्या खांद्यापलीकडं, ओढ्याच्या वरच्या अंगाला पांढरा बंगला दिसत होता. भिंतींना खालून वीतभर जांभळा पट्टा, सगळीकडून सारखा, कुणी दोरी लावून मारल्यासारखा. अक्कांच्या पोटात गुदगुल्या झाल्या. त्या थांबेनात.

"अगं, म्हन," अण्णा पुटपुटले.

पाणी शुद्ध होतं. काया शुद्ध होती, पहाटे डोक्यावरून न्हाल्या होत्या. वचन तर त्या आत्ता बोललेच नव्हत्या. पण पहिला शब्द मनाचा होता, आणि खोटं बोलून ती धार त्या ओंजळीत घालायची म्हणजे भाद्रपदातल्यापेक्षा गढूळ. अक्का गप्प राहिल्या. नारळ हातात जड झाला.

महाराज थोडा वेळ उभे राहिले. मग पिंछी उचलून त्यांनी आशीर्वाद दिला आणि शेजारच्या दारात गेले. शालूबाईनं सगळं एका दमात म्हटलं. कुडावरून अक्कांना दिसलं, धार ओंजळीत पडत होती आणि तळहाताच्या रेषा स्पष्ट दिसत होत्या. आपलंच पाणी. महाराज प्यायले.

अण्णांनी अक्कांच्या हातून नारळ घेतला, आणि ताट वाढलं तेव्हा स्वतःच वाढलं, पाटाच्या अगदी जवळ.

संध्याकाळी अक्कांनी ब्राह्मीला बसवून अर्ज लिहून घेतला. अर्ज टपालात पडला आहे. पोच आलेली नाही. तो असा:

"मा. तपासणी अधिकारी सोनिया मॅडम यांचे सेवेशी. विषय: पूर्वीचा दाखला रद्द करून नवीन दाखला मिळणेबाबत. महोदया, आपण आमचे विहिरीचे पाण्यास जो शुद्धतेचा दाखला दिला, तो अर्जदार हिने सवयीने गाळून दिलेल्या पाण्याचा असल्याने रद्द करण्यात यावा. तसेच, अर्जदार हिचे मनात भाद्रपद महिन्यापासून रंग उतरला असून तो बाभळीचा कोळसा, पांढरी पूड व आश्विनाचे ऊन यांपैकी कशानेही गेलेला नाही. तो ज्याचा त्यास परत करूनही शिल्लक राहिला आहे. महाराजांचा पुढील चातुर्मास औंधाकडे होणार असून अर्जदार तेथे पायी जाऊन दारात उभी राहणार आहे. तरी त्यापूर्वी मॅडमनी समक्ष येऊन, पायऱ्या उतरून, अर्जदार हिचे मनाचा नमुना स्वतःचे हाताने घ्यावा, न गाळता तपासावा, व शुद्ध असलेबाबतचा दाखला सही-शिक्क्यानिशी देण्यात यावा, ही नम्र विनंती."